साष्टीचे किनारी किल्ले

साष्टीचे किनारी किल्ले : मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीजकालीन दुर्गांचे अवशेष. यांपैकी वांद्र्याचा किल्ला खारदांडा कोळीवाड्याच्या दक्षिणेस, माहीमच्या उपसागराच्या तोंडाशी आहे. मढचा (वेसाव्याचा) किल्ला उत्तरेस, मालाड खाडीच्या तोंडाशी आहे. दोन्ही ठिकाणे मुख्यतः खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी निवडलेली होती.

इतिहास : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई, साष्टी व मुंबई बेटे पोर्तुगिजांना दिली. पुढे १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांकडे गेली. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. त्यामुळे माहीमची खाडी दोन सत्तांची सरहद्द बनली आणि वांद्रे व माहीम येथील किल्ले समोरासमोर आले. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेऊन मोहीम सुरू केली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्याच वर्षी मढचा किल्लाही मराठ्यांकडे आला. इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे घेतले आणि साष्टी बळकावली. सालबाईच्या तहाने (१७८२) हा ताबा कायम झाला.

वांद्र्याचा किल्ला : पोर्तुगीज नाव ‘कास्तेला द अग्वादा’. बांधकाम १६४० चे असून तसा शिलालेख दरवाजावर आहे. जवळच्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर जहाजे पाणी भरून घेत. ही मोक्याची जागा मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांच्या आग्रहाने किल्ल्याचा काही भाग पाडण्यात आला. दरवाजा आणि टेकडीच्या उतारावरील तटाचे भाग शिल्लक आहेत.

मढचा किल्ला : सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला टेहळणीचा कोट. बाहेरचा तट व बुरूज बरेचसे उभे आहेत. आतील इमारतींची पडझड झाली आहे. येथे अनेक हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे.

प्राचीन अवशेष : किल्ल्यांच्या मागील भूभागात जोगेश्वरी, मंडपेश्वर व कान्हेरी ही लेणी आहेत. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचा सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी चर्च म्हणून उपयोग केला आणि वरच्या खडकावर मठ बांधला. आज लेण्यात शिवाची शिल्पे व भिंतीवर कोरलेला क्रूस दोन्ही दिसतात. वर मठाच्या छपराविना भिंती आहेत. जुन्या वास्तूच्या पुनर्वापराची दुसरी तऱ्हा भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर दिसते; लेबाननमधील बिब्लोस येथे धर्मयोद्ध्यांनी बाराव्या शतकातील किल्ल्याच्या भिंतींत रोमन वास्तूंचे दगड व स्तंभ वापरले. तेथे जुनी वास्तू मोडून नवी उभी राहिली. मंडपेश्वरला लेणे मोडण्याऐवजी त्याचाच वापर करण्यात आला.

सद्यःस्थिती : वांद्र्याचा किल्ला लोकांना खुला आहे. मढचा किल्ला भारतीय हवाई दलाच्या ताब्यात असून आत जाण्यास परवानगी लागते.