छेदकालभेद, मेंदूच्या प्रतिमांकनातील
मेंदूच्या कार्यदर्शी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनात सर्व छेद एकाच क्षणी न टिपता सामान्यतः एकामागून एक टिपले जातात. त्यामुळे त्यांच्या नोंदींत पडणाऱ्या वेळेच्या फरकास छेदकालभेद म्हणतात.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा शोध १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख व ई. एम. पर्सेल यांनी स्वतंत्रपणे जाहीर केला. १९५१ मध्ये एथिल अल्कोहॉलाचा सुप्रसिद्ध वर्णपट मिळविणाऱ्या तिघांपैकी एक, एस. एस. धर्मट्टी, यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये शीघ्र प्रतिमांकनाची पद्धत सुचविली. रक्तातील ऑक्सिजनाच्या प्रमाणानुसार संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. १९९२ मध्ये मानवी मेंदूचे असे अभ्यास प्रसिद्ध झाले.

प्रारंभीच्या प्रयोगांत उद्दीपन कित्येक सेकंद चालू ठेवीत. त्यामुळे हा भेद फारसा जाणवत नसे. १९९६–९७ च्या सुमारास एकेका घटनेचा प्रतिसाद मोजणारे प्रयोग रूढ होऊ लागले आणि प्रश्न तीव्र झाला. उदा., ३० छेद ३ सेकंदांत टिपल्यास शेवटचा छेद पहिल्यानंतर २·९ सेकंदांनी येतो. आधी विषम व मग सम छेद घेतल्यास शेजारच्या छेदांतही सु. दीड सेकंदाचे अंतर पडते. रक्तप्रवाहाचा प्रतिसाद ५–६ सेकंदांत कळसास पोहोचत असल्याने एवढ्या चुकीने खरी क्रियाशीलता दुर्लक्षित राहू शकते किंवा मेंदूच्या दोन भागांतील पौर्वापर्य उलटे भासू शकते.

यावर दोन उपाय पुढे आले. पहिल्यात अंतर्वेशनाने प्रत्येक छेदाची नोंद एका संदर्भछेदाच्या वेळेवर आणतात. मधला छेद संदर्भ धरल्यास कोणतीच नोंद फार सरकवावी लागत नाही. दुसऱ्यात नोंदी तशाच ठेवून सांख्यिकीय प्रतिमानात अपेक्षित प्रतिसादाचा कालसापेक्ष अवकलज समाविष्ट करतात. रिचर्ड हेन्सन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या उपायांची तुलना केली. मात्र अवकलज थोडाच कालभेद सामावून घेतो, तर अंतर्वेशन जलद बदल गमावते. शिवाय डोके हलल्यास एकाच जागेची नोंद निरनिराळ्या छेदांत व वेळी होते. म्हणून हालचाल व कालभेद यांपैकी कोणती दुरुस्ती आधी करावी, याबाबत मतभेद आहेत.

२०१० नंतर अनेक छेद एकदम टिपण्याचे तंत्र प्रगत झाले. संपूर्ण मेंदू ०·७२ सेकंदात टिपणाऱ्या मानवी मेंदुजाल प्रकल्पाच्या मूलभूत संस्करणात ही दुरुस्ती वगळण्यात आली. तथापि दीर्घ आवर्तनकाल असलेल्या नोंदींचे विश्लेषण करताना छेदांचा क्रम व वेळ माहीत असणे अत्यावश्यक ठरते.