तंजावर : दोन भिंतींवरचा इतिहास

तंजावरला गेलेला मराठी माणूस बहुधा बृहदीश्वराचे शिखर आणि सरस्वती महाल पाहून परततो. दोहोंमधले अंतर पायी अर्ध्या तासाचेही नाही. मात्र त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवला, तर राजधानी आपली स्मृती कशी लिहून ठेवते, हे उमगू लागते.

सकाळी देवळात. राजराज चोळाचे हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. सुमारे ६० मीटर उंचीच्या विमानाकडे मान वर करून सारेच पाहतात. वाचण्याजोगे आहे ते खाली, अधिष्ठानावर. तिथल्या तमिळ लेखांत देवाला दिलेल्या मूर्ती, दागिने, धान्य यांची नोंद आहे. मंदिरसेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावेही आहेत. राज्य ऐन भरात होते, म्हणून भिंतीवर हिशेब आहे. वंशाची महती सांगत बसण्याची निकड नाही.

याच आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा दीर्घ मराठी शिलालेख आहे, १८०३ चा. साल ध्यानात घ्यावे. सरफोजीराजे (दुसरे) १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. त्यानंतर चारच वर्षांनी हा इतिहास दगडावर आला. सत्ता हातची गेल्यावर वंशकथा कोरावी लागली, असे मला वाटते. चोळांचा लेख वैभवाची मोजदाद करतो, भोसल्यांचा लेख विस्मरणाविरुद्ध दाद मागतो.

देवळालगत शिवगंगा उद्यानाजवळ श्वार्ट्झचे चर्च आहे. मरणशय्येवरील धर्मोपदेशक आणि त्याच्याजवळ उभे असलेले सरफोजी, असे फ्लॅक्समनचे संगमरवरी शिल्प तिथे आहे. गुरूविषयीची ही कृतज्ञता राजाने स्वधर्म न सोडता जपली.

दुपारी राजवाड्यातील सरस्वती महाल. नायकांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी विस्तारला. तमिळ, तेलुगू, संस्कृत पोथ्यांशेजारी मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद इथे नांदतात. शहाजीराजांचे (कारकीर्द १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक याच परंपरेतले. सरफोजींनी तर ‘देवेंद्र कुरवंजी’त जगाचा भूगोल मराठी पद्यात आणला, कुरवंजी हा नाट्यप्रकार मात्र तमिळ मातीतला.

आपण वर्गात मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीच्या १८४३ च्या प्रयोगाने करतो. त्याचे महत्त्व कमी होत नाही. तंजावरची नाटके विष्णुदास भाव्यांची पूर्वसूरी होती, असा दावाही करायचा नाही. परंतु ‘पहिले कोण’ या वादात खरा प्रश्न निसटतो. शेजारच्या भाषांचे रूप घेऊन दीडशेहून अधिक वर्षे जगलेली मराठी आपल्या वाङ्मयेतिहासात तळटीपच का राहावी?

१८५५ मध्ये वारस नाही म्हणून हे राज्य संपले. संध्याकाळी पुन्हा देवळात यावे. दगड अजून तापलेले असतात. वंशाच्या कथेपुढे कुणी फारसे थांबत नाही. वाचू शकणाऱ्यांनी तरी थांबावे.