कंत्राटाची वाट

रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवी करत गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरे-वारेला डोंगराच्या कडेने चढतो. एका हाताला जांभ्याची कापलेली दरड, दुसऱ्या हाताला थेट समुद्र. पावसाळा तोंडावर आला की अशा रस्त्यांवर गटारं, मोऱ्या, संरक्षक भिंती यांची कामं घाईला येतात. त्या वेळी कामाजवळ थांबून नुसते शब्द ऐकावेत. मेस्त्री हाक मारतो, घमेली हातोहात पुढे जातात, पिंपातलं पाणी बादलीनं काढतात, आठवडा भरला की पगार होतो. मेस्त्री, घमेलं, पिंप, बादली आणि पगार हे पाचही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. मूळचे मेश्त्र, गामेला, पीपा, बाल्दी आणि पागार. गामेला म्हणजे लाकडी परात, पागार म्हणजे पैसे चुकते करणं.

रस्त्याकडेच्या फलकावरची भाषा निराळी असते. कामाचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, निविदा क्रमांक, दोषदायित्व कालावधी. थोडं अरबी-फारसी, बरंचसं नवं संस्कृत. त्याच फलकावर एक ओळ असते, ‘कंत्राटदाराचे नाव’. बहुतेक लोक हा शब्द इंग्रजी ‘कॉन्ट्रॅक्ट’ला फारसी ‘दार’ जोडून झालेला समजतात. माझं म्हणणं असं, की फलकावर बसलेला हा शब्द फलकाच्या कुळातला नाही. तो घमेल्याच्या कुळातला आहे.

आधी माहीतच असलेल्या गोष्टी भराभर सांगून टाकतो. सरकारनं आपलं काम किंवा आपली वसुली ठरलेल्या रकमेला दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, ही रीत जुनी. तिच्यासाठी मक्ता आणि इजारा हे अरबी शब्द फारसी दरबाराच्या वाटेनं आपल्याकडे रुळले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलतीच्या मामलती मक्त्यानं गेल्या आणि रयत भरडली गेली. १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं, १८७२ मध्ये कराराचा कायदा आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि आता लिफाफे संगणकावर उघडतात. या साखळीत ‘कंत्राट’ हा शब्द कुठून शिरला, एवढाच माझा प्रश्न आहे.

इंग्रजी बाजूचा दावा सरळ आहे. इंग्रज आले, त्यांनी ठेके दिले, शब्दही त्यांचाच. पण मग ‘कॉन्ट्रॅक्ट’मधला दुसरा ‘क’ कुठे गेला? मराठी तोंडानं इंग्रजी शब्द कितीही वाकवले, तरी हा ‘क’ सहसा टाकलेला नाही. कलेक्टरातला राहिला, फॅक्टरीतला राहिला. डॉक्टरचा ‘डाक्तर’ झाला तरी ‘क’ जागच्या जागी. पोर्तुगीज शब्द आहे ‘कोंत्रातु’, त्यात तो ‘क’ मुळातच नाही. गमावलेलं अक्षर शोधत बसण्यापेक्षा ते कधी नव्हतंच असं मानणं सोपं.

दुसरा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. इंग्रजी ‘ट्र’ मराठीत ‘ट्र’च येतो. ट्रंक, ट्राम, मॅट्रिक, ट्रस्टी. महायुद्धाच्या दिवसांत धान्याचं वाटप सरकारनं हाती घेतलं तेव्हा गावोगाव ‘कंट्रोल’ हा शब्द पोचला. ‘कंट्रोलचं धान्य’, ‘कंट्रोलची साखर’ हे जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहे. कंट्रोल आणि कंत्राट यांची इंग्रजीतली सुरुवात एकच. तरी कुणी ‘कंत्रोल’ म्हटलं नाही, आणि ‘कंट्राट’ रुजलं नाही. एकाच जागी एकदा ‘ट्र’ आणि एकदा ‘त्र’ येतो, तेव्हा दोन्ही शब्द एकाच दारानं आले नसावेत. पोर्तुगीज ‘त’ दंत्य आहे. त्यांच्या ‘त्रोंकु’चा आपण तुरुंग केला, ‘ट’ला शिवलोदेखील नाही.

आता विरोधकांचं ऐकायला हवं, कारण त्यांच्याकडे चांगले मोहरे आहेत. ते म्हणतील, ‘सेन्ट्री’चा संत्री झालाच की. ‘ट्रेझरी’ची तिजोरी झाली. ‘मास्टर’चा मास्तर झाला. म्हणजे जुन्या काळी उचललेल्या इंग्रजी शब्दांतही ‘ट’चा ‘त’ होत असे, आणि कंट्रोल तर विसाव्या शतकातला. ही हरकत खरी आहे. मास्तरचं एक वेळ सोडून देता येईल, ‘स’पाठोपाठ ‘त’ येणं आपल्या जिभेला सोपं जातं. पण मग त्याच न्यायानं मेस्त्रीतला ‘त्र’ही मला माझ्या बाजूनं वापरता येत नाही. तो मी सोडला. संत्री आणि तिजोरी उरतात. हे शब्द पलटणीच्या आणि खजिन्याच्या हिंदुस्तानीतून फिरत आले आणि म्हणून हिंदीतही घट्ट बसले. कंत्राट त्याच वाटेनं आलं असतं तर हिंदीतही दिसलं असतं. हिंदी माणूस ‘ठेका’ म्हणतो. ‘कंत्राट’ गुजरातीत आहे, मराठीत आहे. दीव, दमण, वसई, चौल, गोवा ही ठाणी नकाशावर जोडून पाहावीत. शब्दाचा पट्टा आणि फिरंग्यांचा पट्टा जवळजवळ एक आहे.

यावर शेवटचा प्रतिवाद असा, की गुजरातचा आणि महाराष्ट्राचा बराच भाग मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे इलाख्याच्या इंग्रजी कचेऱ्यांनीच हा शब्द दोन्हीकडे वाटला. मला हा प्रतिवाद आवडतो, कारण तो मुंबईकडे बोट दाखवतो. मुंबई इंग्रजांना मिळाली ती १६६१ च्या विवाहकरारात, पोर्तुगीज राजकन्येबरोबर. ताबा आला १६६५ मध्ये, आणि १६६८ मध्ये बेट कंपनीकडे गेलं. त्याआधीची सव्वाशेहून अधिक वर्षं तिथे पोर्तुगीज अंमल होता. किनाऱ्यावरच्या व्यापाराची बोलीही मोडकीतोडकी पोर्तुगीजच होती. नवे आलेले इंग्रज तिच्याच आधारानं देवघेव करत. दुभाषी, मुकादम, गवंड्यांचे मेस्त्री यांच्या तोंडी ‘कोंत्रातु’ आधीच बसलेला होता. त्यावर साहेबाचा ‘कॉन्ट्रॅक्ट’ येऊन पडला. माझा तर्क असा, की शब्दाचं डोकं फिरंगी आहे आणि शेवटच्या ‘ट’ला इंग्रजीनं बळ दिलं. अर्थात ‘ट’साठी इंग्रजीची गरज होतीच असंही नाही. पोर्तुगीज ‘बताता’चा आपण बटाटा केला, दोन्ही ‘त’ फिरवून.

रत्नागिरीवर पोर्तुगीजांचं राज्य असं कधी नव्हतं. हा मुलूख आदिलशाहीतून मराठ्यांकडे आणि १८१८ नंतर इंग्रजांकडे गेला. मग घमेलं आणि कंत्राट इथे कसे? इथेच मला तो दुवा सापडला ज्यामुळे मी या शब्दाच्या मागे लागलो. गोव्यात माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्याला ‘रेंदेर’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द ‘रेंदेइरु’, म्हणजे मक्तेदार, खंड भरून हक्क विकत घेणारा. सरकारी मक्त्याच्या कागदावरचा शब्द थेट माडाच्या शेंड्यावर चढला. आरे-वारेच्या आसपासही माड आहेत, माडी आहे, ती काढणारे भंडारी आहेत, पण रेंदेर हा शब्द नाही. कारण रेंदेर होण्यासाठी पोर्तुगीज करपद्धत लागते, आणि ती इथे पोचली नाही. कंत्राटाला राज्य लागत नाही. ते कामगारांबरोबर चालतं. गोव्याहून, मुंबईहून गलबतांनी मेस्त्री आले तसे त्यांचे शब्द बंदराबंदरांत उतरले. म्हणून रत्नागिरीत फिरंगी कर मिळत नाही, फिरंगी हत्यारं मिळतात. एखादा शब्द कोणाच्या सोबतीनं राहतो हे पाहिलं की त्याचं गाव कळतं, आणि कंत्राट मेस्त्रीच्या सोबतीनं राहतं.

पण शब्द आला तेव्हा त्याची दिशा आजच्यापेक्षा उलटी होती. पोर्तुगालात तंबाखूचा सरकारी मक्ता हा ‘कोंत्रातु’ होता. जो जास्त देईल त्याला विकण्याचा हक्क, म्हणजे पैसा कंत्राटदाराकडून सरकारकडे. गोव्यातही तंबाखूच्या मक्त्यात स्थानिक व्यापाऱ्यांनी पैसा ओतला. या जातीच्या व्यवहाराचा मराठीतला शब्दसुद्धा पोर्तुगीजच उरला आहे, तो म्हणजे लिलाव. पोर्तुगीज ‘लैलांव’ आणि त्यामागे बहुधा ‘जाहीर करणं’ या अर्थाचा अरबी शब्द. हिंदीत तो नीलाम झाला, मलायात लेलोंग. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीचा लिलाव होतो तेव्हा बोली वर चढते. आठवडा बाजाराची वसुली, खाडीतली वाळू यांचंही तसंच, जास्त देईल त्याचं.

कंत्राटाचं पारडं मात्र पालटलं. आता सरकार पैसे देतं आणि कमी मागेल त्याला काम मिळतं. हा पालट रेल्वे आणि बांधकाम खात्याच्या काळात पक्का झाला. त्याआधी रस्त्याला माणसं हवीत तर वेठ धरायची, हा सोपा आणि निर्दय मार्ग होता. बोरघाटाचं काम १८५६ ते १८६३ या काळात कंत्राटानं झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत १८५९ मध्ये वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिनं ते काम पुढे तडीला नेलं. जमशेटजी दोराबजी हे पारशी गृहस्थ रेल्वेचे नावाजलेले कंत्राटदार झाले. जोतीराव फुले यांनीही सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली, आणि त्या खात्यात पैसा कुठे झिरपतो हे आतून पाहिलं.

आज जिल्ह्यात एखादी मोरी बांधायची तर शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, दर दरसूचीतून घेतो. प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. फॉर्म ‘बी-वन’ असेल तर अंदाजपत्रकाच्या वर किंवा खाली किती टक्के ते सांगायचं, ‘बी-टू’ असेल तर बाबवार दर भरायचे. बयाणा भरायचा, तांत्रिक लिफाफा आधी, दराचा नंतर. ‘टेंडर वीस टक्के बिलो गेलं’ हे वाक्य बांधकाम कचेरीच्या बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू येतं, आणि ते ऐकलं की मला त्या मोरीची काळजी वाटते. जांभ्याच्या डोंगरावरून कोकणातला पाऊस जे पाणी खाली लोटतो त्याला टक्केवारी कळत नाही. कार्यारंभ आदेशानंतर झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत चढतं, तिच्यावरून देयक निघतं. या सगळ्या प्रवासात फक्त एक शब्द ‘निविदा’ पाहा. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, त्यानंतर शासकीय परिभाषेनं हा संस्कृत शब्द टेंडरच्या जागी बसवला. त्याचंही मूळ ‘कळवणं, जाहीर करणं’ हेच. म्हणजे लिलाव आणि निविदा हे दोघे एकाच अर्थाचे निघाले, एक फिरंगी गलबतातून उतरलेला, एक वेदाच्या भाषेतून काढलेला.

मराठीचं सगळं अंग मात्र कंत्राटानं व्यापलेलं नाही. मराठवाड्यात हाच माणूस ‘गुत्तेदार’ असतो. कन्नडात गुत्तिगे, तेलुगूत गुत्त, आणि निजामाच्या राज्यानं दोन्हींशी मराठवाडा बांधून ठेवलेला. विदर्भात तो ‘ठेकेदार’ आहे, मध्य प्रांतातल्या हिंदीच्या शेजारानं. गुत्तेदार इंग्रजी अंमलाबाहेरचा, हे इंग्रजीवाल्यांना सोयीचं वाटेल. पण विदर्भातल्या नागपूर प्रांतावर १८५४ पासून थेट इंग्रजी अंमल होता, कॉन्ट्रॅक्टही तिथे तितकंच चालत होतं, आणि तरी तिथल्या बोलण्यात ठेकेदारच टिकला. इंग्रजीच्या जोरावर कंत्राट पसरलं असतं, तर ते समुद्रापासून इतकं दूर गेल्यावर विरळ का झालं असतं?