प्रेसबिटेरियन उपासना (स्कॉटलंड)

स्कॉटलंडमधील प्रॉटेस्टंट चर्चची रविवारची सामुदायिक उपासना. जॉन नॉक्स प्रभृतींच्या १५६० च्या धर्मसुधारणेत तिची घडण आहे. या चर्चमध्ये बिशप नसतो. पाळक व वडीलजन मिळून कारभार पाहतात. जुन्या वळणाच्या मंडळींत आरंभी ‘बीडल’ नावाचा सेवक बायबल दोन्ही हातांत धरून आणतो, सारे उठून उभे राहतात आणि ग्रंथ व्यासपीठावर ठेवल्यावरच पाळक येतात. मान ग्रंथाचा, व्यक्तीचा नव्हे, हे येथे डोळ्यांना दिसते. गीते उभ्याने गातात. प्रार्थनेस गुडघे टेकत नाहीत, बसूनच मस्तक लववतात. प्रवचन हा गाभा. ते लांबले तरी कुणी कुरकुरत नाही, निदान उघडपणे. दानाची थाळी फिरते, पण पाहुण्यावर सक्ती नसते. प्रभुभोजन दर रविवारी असेलच असे नाही. पुष्कळ ठिकाणी भाकरी व द्राक्षारसाचे छोटे पेले वडीलजन बाकांपर्यंत आणतात. घ्यायचे नसल्यास तबक पुढे सरकवावे. शेवटी बहुधा चहा असतो आणि नवख्याची विचारपूस तेथेच होते. मुंबईत काळा घोड्याजवळचे सेंट अँड्र्यूज चर्च याच परंपरेतले; १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे.