पाचांतला उपरा

मार्सेय वेधशाळेत एदुआर स्तेफान यांच्या हाती फूकोने घडवलेली दुर्बीण होती. तिच्या काचेच्या आरशाचा व्यास ८० सेंटिमीटर होता आणि त्यावर चांदीचा मुलामा होता. १८७७ साली त्यांना महाश्व तारकासमूहात एकमेकांना खेटून असलेले धूसर ठिपके दिसले. त्यांनी जागा नोंदवल्या आणि ते पुढच्या ठिपक्याकडे वळले. हे ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका आहेत, हे कळायला आणखी जवळपास पन्नास वर्षं जावी लागली. आज हा गट ‘स्तेफानचं पंचक’ म्हणून ओळखला जातो. इतक्या दाटीत दीर्घिकांचं काय होतं, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनी सर्वाधिक वेळा बहुधा याच गटाला विचारला असेल.

दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होईल? संगणक येण्यापूर्वी, १९४१ साली, स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी हा प्रश्न ७४ दिव्यांच्या मदतीने सोडवायला घेतला. गुरुत्वाकर्षणाप्रमाणे प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. म्हणून दिवे तारे झाले, आणि फोटोसेलने मोजलेला उजेड झाला ओढ. असे दिवे सरकवत सरकवत त्यांनी दोन दीर्घिकांची गाठभेट घडवली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

पण पंचकातले पाचही खरोखर शेजारी आहेत का? १९६१ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या दांपत्याने वर्णपटांवरून त्यांच्या वेगांचं मोजमाप केलं. चार दीर्घिका सेकंदाला सुमारे ५,७०० ते ६,७०० किलोमीटर वेगाने दूर जाताना आढळल्या. पाचवी, एनजीसी ७३२०, मात्र केवळ ८०० च्या आसपास. दूर जाण्याचा वेग जितका कमी, तितकं अंतर कमी; म्हणून सरळ अर्थ असा, की ती आपल्या बरीच जवळ आहे आणि योगायोगाने त्यांच्या रांगेत दिसते. हॉल्टन आर्प यांना हा अर्थ पटला नाही. १९६६ साली विचित्र दीर्घिकांचा ॲटलास काढणारे हेच आर्प. त्यांचं म्हणणं, पाचही एकत्रच आहेत. वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे सरकण्यामागे अंतराखेरीज दुसरंही कारण असलं पाहिजे.

इथे कोल्हापूरचे जयंत नारळीकर या वादात येतात. नव्याने जन्मलेल्या द्रव्यातल्या कणांचं वस्तुमान सुरुवातीला कमी असतं, म्हणून त्यांचा प्रकाश अधिक तांबडा दिसतो, अशी मांडणी त्यांनी १९७७ साली केली आणि १९९३ मध्ये आर्प यांच्याबरोबर शोधनिबंध लिहून ती पुढे नेली. गंमत म्हणजे, पाचव्या दीर्घिकेचा वेग मोजणारे जेफ्री बर्बिज पुढे नारळीकरांचेच सहकारी झाले. पंचकापुरता निकाल मात्र आर्प यांच्या विरुद्ध लागला. ७३२० मधले सुटे तारे वेब दुर्बिणीच्या चित्रात वेगळे दिसतात, बाकीच्या चौघींमधले तसे दिसत नाहीत.

दरम्यान १९७८ साली लार्सन आणि टिन्स्ली यांनी आर्प यांच्याच ॲटलासमधल्या दीर्घिकांचे रंग तपासले आणि दाखवून दिलं, की परस्परांची ओढाताण तारे जन्माला घालते. १९८२ मध्ये पॉल हिक्सन यांनी अशा १०० दाट गटांची यादी केली. त्यात पंचक ९२ वं.

मात्र दाटीत सरसकट तारेच जन्मतात असं नाही. पंचकातली एक दीर्घिका इतरांच्या वायूत सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने घुसते आहे. त्या धक्क्याच्या पट्ट्यात रेणुरूप हायड्रोजन भरपूर आहे, पण तो इतका घुसळला जातो की तारे थोडेच बनतात. उलट उत्तरेला, कुठल्याही दीर्घिकेच्या तबकडीबाहेर, तारे झपाट्याने जन्मत आहेत. गटातला बहुतेक अणुरूप हायड्रोजन दीर्घिकांमधून ओरबाडला जाऊन बाहेर पसरलाय. चीनच्या फास्ट दुर्बिणीने २०२२ मध्ये त्याचा सुमारे २० लाख प्रकाशवर्षांचा विस्तार दाखवला. म्हणजे तारे घडवण्याचा कच्चा माल घराबाहेर गेलेला. हिक्सनच्या यादीतल्या इतर अनेक गटांतही हा वायू अपेक्षेपेक्षा कमी भरतो.

नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांनीही या यादीतल्या ६२ व्या गटाचा वेध घेतलाय. त्या गटाच्या मधल्या कृष्णविवरातून निघालेले झोत आजूबाजूच्या तप्त वायूत पोकळ्या पाडतात. वायू थंड होऊन तारे बनण्याच्या आड येणारं हे आणखी एक कारण.

बहरीनच्या सीफ भागातल्या मराठी वाचकांना एवढंच सांगतो. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास हे पंचक बहरीनच्या जवळजवळ डोक्यावर असतं, खस्वस्तिकापासून आठेक अंशांवर. मॉलच्या आणि टॉवरांच्या झगमगाटात ते दिसणार नाही, पण भाद्रपदांचा चौकोन सापडेल. पूर्वा भाद्रपदेच्या उत्तरेकडच्या ताऱ्यापासून वायव्येला जा. अंधारी जागा आणि दहा-बारा इंची दुर्बीण मिळाली तर आधी ७३२० शोधा, पाचांत तीच ठळक. तिचा प्रकाश सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे, बाकी चौघींचा सुमारे २९ कोटी.