बदलीच्या पेटीतील पुस्तके

सरकारी नोकराच्या सामानात पुस्तकांची पेटी सर्वांत जड. म्हणून बदलीचा हुकूम येताच पहिला बळी तिचाच पडतो. काही पुस्तके रद्दीत जातात, काही शेजाऱ्यांकडे राहतात, आणि उरतात ती बहुधा गावाकडची आठवण जागविणारी. ती असावीतच. तथापि बंगळुरास येऊन राहिलेल्या मराठी गृहस्थाने प्रथम जागा द्यावी ती या गावाशी आपले नाते सांगणाऱ्या ग्रंथांना, असे आम्ही सुचवितो.

हे नाते जुने आहे. १६३६ साली निजामशाही बुडाली आणि शहाजीराजांना विजापूरची चाकरी पत्करावी लागली. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने केंपेगौडाच्या घराण्याकडून बंगळूर घेतले व ते राजांकडे आले. आम्हां कारकुनांच्या भाषेत सांगावयाचे तर ही राजांची दूरची बदलीच होती. पुणे प्रांतीची जहागीर नावावर राहिली, कामगिरी मात्र कर्नाटकात. घर एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे, हा प्रकार आमच्या वाचकांस नवा नाही. राजे पुढे १६६४ साली होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून वारले, तेही याच मुलखात.

या दरबाराचे चित्र पाहावयाचे असेल तर जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हाती घ्यावा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ साली प्रसिद्ध केला. ग्रंथ संस्कृत आहे, पण तेवढ्याने बिचकण्याचे कारण नाही; मराठी वाचकाचे खरे भोजन राजवाड्यांच्या दीर्घ प्रस्तावनेत आहे. त्यांचे सर्व सिद्धांत मान्य होतील असे नाही. आम्हांस कित्येक पटत नाहीत. परंतु ती प्रस्तावना वाचून स्वस्थ बसवत नाही, हाच तिचा गुण. स्वतः जयरामाला अनेक भाषा अवगत होत्या, आणि काव्याच्या उत्तरभागात शहाजीपुढे निरनिराळ्या देशभाषांतून रचना म्हटल्या जातात. परमुलखात येऊन आपली भाषा तेवढी धरून बसलेला हा दरबार नव्हता. सोबत परमानंदाचे ‘शिवभारत’ असावे. लहानग्या शिवाजीराजांना वडिलांनी बंगळुराहून पुण्यास कसे रवाना केले ते त्यात आहे.

आता आमच्या मनातील खरी धास्ती सांगतो. आमची मुले घरात मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. त्यांच्या मुलांचे काय होईल? या प्रश्नापुढे तंजावरची नाटके ठेवून पाहावीत. शहाजीराजांचे पुत्र एकोजी १६७५च्या सुमारास तंजावरास गेले आणि १८५५ पर्यंत ते घराणे तेथे नांदले. एकोजींचे पुत्र दुसरे शहाजी यांनी मराठी नाटके लिहिली, तेलुगूतही रचना केली, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदविल्या. पुढे गादीवर आलेल्या सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. तीत साचा तमिळ, भाषा मराठी आणि विषय जगाचा भूगोल! मुलांना भूगोल शिकविण्याची याहून गोड तऱ्हा आमच्या शाळांत आम्हांस तरी भेटली नाही. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने अशी नाटके छापली आहेत; प्रती मिळविण्यास खटपट पडते, ती करावी.

नोकरीत वाचनास वेळ नसतो ही तक्रार करणाऱ्यांनी सरदेसायांची ‘रियासत’ कपाटात समोरच ठेवावी. कोकणातला हा माणूस बडोद्याच्या सयाजीरावांच्या चाकरीत राहून इतिहास लिहीत होता. पहिला भाग १८९८ सालचा. एका दमात सारे खंड वाचण्याचा हट्ट धरू नये, हवा तो काळ काढावा. न्यायमूर्ती रानड्यांचे मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी पुस्तक (१९००) लहान आहे, आणि तेही उच्च न्यायालयाचे काम सांभाळून लिहिलेले.

परंतु नुसता इतिहास पोटभर होत नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) वाचल्यावर पंढरपूरचा देव कर्नाटकाचाही आहे हे नीट उमगते आणि शेजारच्या कानडी कुटुंबाशी बोलण्यास एक विषय मिळतो. इरावतीबाई कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि भैरप्पांची ‘पर्व’ ही कादंबरी जोडीने वाचाव्यात. दोन्हींचा विषय महाभारत. एक मूळची मराठी, दुसरी कानडी, उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणलेली. आमच्या मते युक्तिवादात ‘युगान्त’ सरस, तर माणसांच्या थकव्याचे चित्रण ‘पर्व’मध्ये अधिक खोल.

शेवटी जी. ए. कुलकर्णी. याच राज्यातील धारवाडास कॉलेजात इंग्रजी शिकवीत त्यांनी आयुष्य काढले आणि कथा मात्र मराठीत लिहिल्या. त्यांची ‘काजळमाया’ (१९७२) शनिवारी रात्री उघडावी. इतर दिवशी उघडल्यास दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर उशिराची खूण पडते.