एक लिटर अधिक एक लिटर : उरणच्या भट्ट्यांपासून तेलाच्या टाक्यांपर्यंत

आजचा विषय रसायनशास्त्राचा वाटेल, पण आपण त्याच्याकडे इतिहास म्हणून बघणार आहोत, आणि तोही आपल्या पनवेल-उरण पट्ट्याचा.

पन्नास मिली पाण्यात पन्नास मिली शुद्ध अल्कोहोल ओतलं, तर शंभर मिली होत नाही. शहाण्णव-सत्त्याण्णव मिलीच भरतं. काही सांडलेलं नसतं, उडालेलं नसतं. वजन करून बघा, ते तेवढंच्या तेवढं. म्हणजे वस्तुमान टिकतं, आकारमान टिकेलच असं नाही. आता माल मापाने विकायचा आणि करही मापावर बसवायचा, तर ही गंमत राहत नाही, हिशेबाचा प्रश्न होतो.

एकोणिसाव्या शतकात उरण हा पनवेल तालुक्याचाच पोटविभाग होता. मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या तिथल्या भट्ट्या मुंबईला माल पुरवत. सरकारचा कर गॅलनवर. पण कडक दारूचा गॅलन आणि पाणी घातलेला गॅलन सारखाच कसा धरायचा? हाच प्रश्न आधी लंडनला पडला होता. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी 1790 साली त्यावर अहवाल दिला. जॉर्ज गिल्पिन यांनी पाणी आणि स्पिरिटची मिश्रणं एकेक करून तोलली आणि कोष्टकं तयार केली. मिश्रण आकसतं, त्यामुळे नुसत्या त्रैराशिकाने उत्तर निघत नाही, कोष्टकच लागतं. 1816 मध्ये साइक्सचा हायड्रोमीटर कायद्याने मान्य झाला आणि ‘प्रूफ’ हे माप पक्कं झालं. आजच्या हिशेबात ते सुमारे 57 टक्के अल्कोहोल.

मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि गाळपावरची सरकारी पकड घट्ट झाली. 1892 च्या मोहफुलांच्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात फुलं बाळगण्यावरच बंधन आणलं. रानात फुलं वेचणाऱ्यांचा हायड्रोमीटरशी काहीच संबंध नव्हता, पण मोजून कर घेणारी व्यवस्था त्यांच्या दारापर्यंत पोचली, हे आपण विसरू नये.

आता आकसण्याचं कारण बघू. पाणी आणि अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि दाटीने बसतात. ईथरचं तसं नाही. त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो, पण असा बंध जोडायला द्यावा असा हायड्रोजन नसतो. हायड्रोकार्बनकडेही तो नसतो. मग हे दोघे एकत्र आले की काय होतं? पुष्कळदा उलटं होतं, मिश्रण फुगतं! डायॉक्सेन हे एक ईथर. ते अर्धा लिटर आणि सायक्लोहेक्झेन अर्धा लिटर घेतलं, तर हजारऐवजी एक हजार नऊ-दहा मिली भरतं. डायॉक्सेनच्या रेणूंची आपापसातली ओढ मोडते, आणि बदल्यात तेवढी घट्ट ओढ मिळत नाही. सायक्लोहेक्झेनच्या जागी बेंझीन घ्या, फरक अगदी किरकोळ उरतो. बेंझीनच्या कड्यातल्या इलेक्ट्रॉनांशी ईथरचं बऱ्यापैकी जमतं. म्हणजे जोडीदार कोण, यावर सगळं ठरतं.

परत उरणला येऊ. 1974 मध्ये मुंबई हायला तेल लागलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि पुढे समुद्रतळावरच्या नळीने ते उरणला येऊ लागलं. तेल आणि वायूच्या उत्पादनावर संशोधन करणारी ओएनजीसीची संस्था तर आपल्या पनवेलातच आहे. तेलाच्या धंद्यात हलका हायड्रोकार्बन जड तेलात मिसळला की बेरीज थोडी कमी भरते. टक्क्याचा छोटा अंश, पण टाकी मोठी असली की तोच आकडा डोळ्यात भरतो. गळती झाली, चोरी झाली, की नुसतं आकसलं? हे आधीच मांडून ठेवलं नाही, तर टाकीवरच्या माणसावर उगाच संशय जातो. म्हणून तेलाच्या हिशेबात आकारमान 15 अंश सेल्सिअसला आणून धरतात आणि घनता सोबत नोंदवतात.

ईथर पेट्रोलमध्येही शिरलं. शिसं काढायचं ठरल्यावर जगभर एमटीबीई हे ईथर त्याच्या जागी वापरात आलं. भारतात 2000 च्या फेब्रुवारीपासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. पण हेच ईथर कॅलिफोर्नियात जमिनीखालच्या पाण्यात उतरलं आणि तिथे त्यावर बंदी आली. आपल्याकडे 2001 मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग झाला. इथेही मजा बघा : पाण्यात आकसणारं अल्कोहोल पेट्रोलमध्ये गेलं की मिश्रण किंचित फुगतं.

तेव्हा लिटर हे माप खोटं नाही, अपुरं आहे. त्याच्यासोबत घनता आणि तापमान लागतंच. पेट्रोल पंपावर घनतेची नोंद ठेवलेली असते आणि ती मागून बघण्याचा ग्राहकाला हक्क आहे. गिल्पिनने तोलून तोलून जे कोष्टक केलं, त्याच्याच वंशातला तो कागद आहे. तो वाचायला आपण शिकलं पाहिजे.